बोट लागू नये म्हणून

आपल्या मराठीत ‘बोट लागली’ या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. बोट धक्क्याला लागली, हा एक. आणि प्रवाशाला बोट लागली, म्हणजे त्याच्या पोटात ढवळू लागले, हा दुसरा. कोकणच्या बोटीने गेलेल्या पिढीला दोन्ही अर्थ चांगले परिचयाचे होते. वळकट्या आणि पत्र्याच्या ट्रंका घेऊन माणसे डेकवर जागा धरीत आणि बऱ्याच बंदरांत बोट लांब उभी राहिली की पोराबाळांसह पडावात उतरत. ती बोट बंद होऊन पुष्कळ वर्षे झाली.

आता मराठी माणूस पुन्हा बोटीवर चढू लागला आहे, पण गावी जायला नव्हे, केवळ हौसेने. २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून ‘कॉर्डेलिया’च्या सफरी सुरू झाल्या आणि गोवा, कोची, लक्षद्वीप ही नावे घरोघर ऐकू येऊ लागली. कुणी सिंगापूरहून निघतात, कुणी भूमध्य समुद्रापर्यंत जातात. दिवाळी आली की या सदराच्या पत्रपेटीत ठरावीक पत्रे पडतात: “आम्ही प्रथमच क्रूझला जात आहोत. काय काय न्यावे? काय काळजी घ्यावी?” मी आजवर तीन वेळा असा प्रवास केला आहे. त्या जोरावर आज सगळ्यांना मिळून एकच उत्तर देते.

जाहिरातीत या बोटीला ‘तरंगते हॉटेल’ म्हणतात. पोहण्याचा तलाव, नाटकगृह, रात्री बारा वाजताही काही ना काही खायला; पाहणाऱ्याला ते खरेच वाटते. पण वाचकहो, ती बोट आहे, हे क्षणभरही विसरू नका. प्रवाशांची जी जी फजिती मी पाहिली, ती बहुतेक हे विसरल्यामुळेच झाली.

पहिली गोष्ट खोलीची, म्हणजे केबिनची. हॉटेलात आपण वरचा मजला मागतो, देखावा चांगला दिसतो म्हणून. बोटीत उलटे आहे. झोपाळ्याच्या टोकाशी बसलेल्याला जास्त हेलकावा बसतो. तसेच बोटीच्या वरच्या मजल्यावर आणि पुढच्या-मागच्या टोकांना हालचाल अधिक जाणवते. खालचा मजला आणि बोटीचा मध्य, ही सर्वांत शांत जागा, आणि बहुधा ती स्वस्तही असते. आतली, खिडकी नसलेली केबिन आणखी स्वस्त. मात्र तिथे दिवस आणि रात्र कळत नाही. ज्यांना अंधाऱ्या खोलीत गुदमरल्यासारखे होते त्यांनी तिथे पैसे वाचवू नयेत.

बोट लागण्याचे कारण पोटात नसते, कानात असते. आपला तोल सांभाळणारे इंद्रिय कानाच्या आतल्या भागात आहे. ते सांगते की आपण हलतो आहोत, आणि केबिनच्या भिंतींकडे पाहणारे डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. या भांडणात बिचारे पोट भरडले जाते. म्हणून मळमळू लागताच अंथरूण धरू नका. डेकवर जा, मोकळ्या हवेत उभे राहा आणि जिथे आकाश समुद्राला टेकते त्या रेषेकडे पाहत राहा. पुस्तक आणि मोबाइल बाजूला ठेवा. उपाशी राहू नका. कोरडे, हलके थोडे थोडे खात राहा. आलेपाकाच्या वड्या जवळ असू द्या; पुष्कळांना आल्याने बरे वाटते. गोळी घ्यायची असेल तर ती त्रास सुरू होण्याच्या आधी घ्यावी लागते, नंतर तिचा फारसा उपयोग नाही. वयस्कर माणसांनी आणि ज्यांची इतर औषधे चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ती न्यावी. आजच्या मोठ्या बोटींना पाण्याखाली पंखांसारखी साधने असतात, त्यामुळे डोलणे पुष्कळ कमी होते. दिवाळीनंतर आपल्याकडचा समुद्रही बहुधा शांत असतो. तेव्हा घाबरून बेत रद्द करण्याचे कारण नाही.

आता सामान. बंदरावर मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात आणि त्या केबिनपर्यंत यायला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून रोजची औषधे, पासपोर्ट, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, विजेची किटली, भाताचा कुकर यांतले काहीही नेऊ नका; तपासणीत काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. यात त्यांचा काही दुष्टावा नाही. भर समुद्रात आगीचा बंब बाहेरून येत नसतो. चिवडा-लाडू नेण्याआधी कंपनीचे नियम विचारा. बंद पाकिटातल्या कोरड्या जिनसा बहुधा चालतात, घरी शिजवलेले अन्न सहसा चालत नाही. शाकाहारी आणि जैन जेवण हवे असेल तर तिकीट काढतानाच लेखी कळवा.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. तेव्हा सकाळी नेसायचे कपडे आत ठेवायला विसरू नका. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या एका सद्गृहस्थांनी उत्साहाच्या भरात सगळे भरून टाकले आणि सकाळी पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घालून ते मोठ्या रुबाबात धक्क्यावर उतरले.

बोटीत रोख पैसे चालत नाहीत. चढताना एक कार्ड मिळते. तेच केबिनची किल्ली आणि तेच पाकीट. कार्ड पुढे करताना खर्च जाणवत नाही, जाणवतो तो शेवटच्या दिवशी. तिकिटात जेवण असले तरी शीतपेये, मद्य, काही खास भोजनगृहे, इंटरनेट आणि छायाचित्रे यांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे पडतात. शिवाय नोकरवर्गाची बक्षिसी माणशी दर दिवसाला आपोआप बिलात चढवतात. चौघांच्या कुटुंबाने हा आकडा आधीच विचारून घ्यावा आणि एक दिवसाआड काउंटरवर जाऊन हिशेब पाहावा.

मोबाइलची गंमत तर वेगळीच. किनारा सुटला की तो गुपचूप बोटीवरचे उपग्रहाचे जाळे पकडतो. आपण परदेशासाठी घेतलेल्या नेहमीच्या पॅकमध्ये ते बहुधा बसत नाही आणि घरी आल्यावर बिल पाहून डोळे पांढरे होतात. विमानात ठेवतो तसाच मोबाइल बोटीतही ठेवावा.

बोटीचा दवाखाना महाग असतो आणि मोठ्या आजारात रोग्याला किनाऱ्यावर हलवावे लागते. म्हणून प्रवासाचा विमा काढताना त्यात समुद्रप्रवास धरला आहे का, हे वाचून पाहा. बोटीत माणसे दाटीने राहतात, एकाच डावाने वाढून घेतात. त्यामुळे उलट्या-जुलाबांची साथ झपाट्याने पसरते. अशा साथींचा नेहमीचा कर्ता नोरोव्हायरस नावाचा विषाणू. तो हाताला चोळायच्या त्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. साबण आणि पाणी, हाच खरा उपाय.

परदेशची बोट धरायची असेल तर आणखी दोन गोष्टी. बोट सिंगापूरहून सुटते आणि सिंगापूरलाच परत येते. म्हणजे आपण त्या देशात दोनदा शिरतो. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे घरीच तपासा. आणि विमानाने बोट गाठायची असेल तर आदल्या दिवशी त्या गावी पोहोचा. विमानाला उशीर झाला म्हणून बोट थांबत नाही.

बोट थांबत नाही, हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्याजोगे आहे. आम्ही सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला गेलो होतो. सिंगापूर आणि पेनांगचे घड्याळ एकच. फुकेतचे मात्र एक तास मागे. आमच्या बोटीने आपले घड्याळ सिंगापूरचेच ठेवले होते. फुकेतच्या पाटोंग किनाऱ्यासमोर बोट लांब नांगरून उभी होती आणि जुन्या पडावांसारखी छोट्या होड्यांतून ये-जा चालली होती. परतीची शेवटची होडी पाचला. नाशिकचे एक कुटुंब आमच्याबरोबर बाजारात होते. त्यांच्या आजी एकाएकी म्हणाल्या, “अगं, साडेचार झाले, चला आता.” सूनबाईंनी मोबाइल पाहिला. “अहो आई, तुमचं घड्याळ पुढे आहे. साडेतीनच झालेत.” आजी हट्टाला पेटल्या. “माझं घड्याळ बोटीच्या घड्याळाशी मी सकाळी लावून आले आहे. तुझा मोबाइल कुणाशी लावलास?” मोबाइलने किनाऱ्यावर पाऊल ठेवताच आपण होऊन तिथली वेळ धरली होती. सगळे धावत सुटले आणि शेवटच्या होडीत बसले. आजींचे घड्याळ नसते, तर ते कुटुंब परक्या देशात हातात खरेदीच्या पिशव्या घेऊन किनाऱ्यावर उभे राहिले असते, आणि पुढच्या बंदरापर्यंतचे भाडे त्यांनाच भरावे लागले असते.

म्हणून एक साधे मनगटी घड्याळ न्या आणि ते बोटीच्या वेळेवर ठेवा. रोज केबिनमध्ये दिनक्रमाचा कागद येतो किंवा तो बोटीच्या ॲपवर दिसतो. परत येण्याची वेळ आणि बंदरातल्या एजंटाचा दूरध्वनी त्यातून टिपून घ्या. उतरताना पासपोर्टची प्रत, थोडे पैसे आणि दिवसाची औषधे जवळ असू द्या. बोटीने ठरवलेल्या सहलीला उशीर झाला तर तुमची सोय पाहणे कंपनीकडे असते. स्वतःच्या टॅक्सीने गेलात तर ते तुमचे तुम्ही.

शेवटचे सांगणे सर्वांत महत्त्वाचे. बोट सुटण्यापूर्वी संकटकाळची कवायत होते. सात लहान भोंगे आणि एक लांब, ही खूण झाली की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे. या वेळी निम्मी मंडळी खाण्याच्या टेबलापाशी असतात आणि उरलेली कंटाळलेली. आमचे हेसुद्धा म्हणाले, “हे सगळं सिनेमात पाहिलंय.”

आपल्याकडे बोटीचे संकट कुणाला सिनेमातून शिकायला नको. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ भर पावसात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. ती जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर १३ जानेवारी २०१२ ची ऐका. इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही भली मोठी, सर्व सुखसोयींची बोट किनाऱ्याच्या फार जवळून जाताना खडकावर आदळून कलंडली. चार हजारांवर माणसे होती, बत्तीस दगावली. त्याच संध्याकाळी चिवितावेक्किया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून व्हायचीच होती. ती दुसऱ्या दिवशी ठेवली होती, आणि त्यात नियमभंगही नव्हता. कारण तेव्हा चोवीस तासांची मुभा होती. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. ज्या पंधरा-वीस मिनिटांचा आपल्याला कंटाळा येतो, त्यांची किंमत अशी मोजली गेली आहे.

तेव्हा कवायतीला जा, आणि मुलांनाही न्या. जमण्याच्या जागेची खूण कार्डावर आणि केबिनच्या दारामागे असते, ती पाठ करा. जीवरक्षक जाकीट केबिनमध्ये आहे की जमण्याच्या जागी, हे पाहून ठेवा. मग केबिनपासून तिथवर एकदा जिन्याने चालून जा, कारण संकटात लिफ्ट वापरायची नसते. कुटुंबातली माणसे वेगवेगळ्या ठिकाणी असली तर एकमेकांना शोधत फिरायचे नाही, प्रत्येकाने थेट तिथेच यायचे, हे घरच्या घरी ठरवून टाका. आजी-आजोबांचा हात कुणी धरायचा, हेही त्यातच ठरवा.

एवढे केलेत की मग खुशाल डेकवर खुर्ची टाकून बसा. भूक लागली की जेवा, झोप आली की झोपा. काळजी वाहायला खाली तांडेल, खलाशी आणि इंजिनवाले जागे असतातच. तुम्हां सर्वांना दिवाळी सुखाची जावो!