पाणी दारातून येतं, आणि आपण छताकडं बघत बसतो

परवाच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, धंद्याच्या चॅनेलवर मेट्रोचं काय काम?" काम आहे. नीट वाचा.

26 मे 2025. मुंबईत पाऊस वेळेच्या बराच आधी धडकला. भुयारी मेट्रो 3 चं आचार्य अत्रे चौक स्टेशन सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, आणि प्लॅटफॉर्मवर चिखलाचं पाणी! तिथून वरळीपर्यंतची गाडी बंद करावी लागली. पाणी आलं कुठून? बोगद्यातून नाही. बांधकाम सुरू असलेल्या एका प्रवेशद्वारातून. तिथं पाणी अडवायला उभी केलेली भिंत कोसळली. हजारो कोटींचा प्रकल्प, आणि अडला एका अर्धवट दारापाशी.

माझं मत स्पष्ट आहे. पाऊस लवकर आला हे कारण सांगता येतं, पण ते पुरेसं नाही. दार पूर्ण नसेल तर पावसाळ्याच्या तोंडावर स्टेशन उघडायची घाई करू नये. चीनच्या झेंगझोऊमध्ये जुलै 2021 मध्ये एका तासात 201.9 मिमी पाऊस पडला आणि मेट्रोत 14 जणांचा जीव गेला. न्यूयॉर्कनं 2012 च्या सँडी वादळानंतर स्टेशनच्या तोंडांवर बंद करता येणारी आवरणं बसवली. टोकियोत कितीतरी स्टेशनांत आधी दोन-चार पायऱ्या वर चढायच्या, मगच खाली उतरायचं. साधी गोष्ट आहे, पण पाणी तिथंच अडतं.

आता आपल्याकडं या. नागपूरची मेट्रो बहुतेक खांबांवर आहे, म्हणून आपण निर्धास्त. पण बेसा, मनीषनगरकडच्या लोकांना विचारा, जोराचा पाऊस आला की अंडरपासमधून गाडी घालायची हिंमत होते का? आपलं गिऱ्हाईक, आपला माल, आपली पोरं त्याच रस्त्यानं जातात नं. पंप आहे का, तो चालतो का, पाणी भरलं की रस्ता कोण बंद करणार, हे मे महिन्यातच विचारायला पाहिजे. एकट्यानं नाही, दहा दुकानदारांनी मिळून लेखी अर्ज द्या.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवते? काही तासांत 100 मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरादुकानांत शिरली. सरकारनं दुकानदारांना 50,000 रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. चांगलंच झालं. पण किराणा किंवा मोबाईलच्या दुकानातला भिजलेला माल त्यात भरून निघतो का?

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ:

1. आपल्या दुकानात पाणी कुठून शिरू शकतं ती जागा शोधा. शटरखाली, मोरीतून की बेसमेंटच्या रॅम्पवरून? तिथं उंबरा उंच करा.
2. सगळ्यात महाग माल जमिनीपासून दोन फूट वर. इन्व्हर्टर आणि बोर्डसुद्धा.
3. विम्याच्या कागदात 'पूर' हा शब्द आहे का ते स्वतः वाचा. छोट्या धंद्यांसाठीच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत पूर-वादळ धरलेलं असतं.
4. दर महिन्याला स्टॉकचे फोटो आणि बिलं मोबाईलबाहेरही ठेवा.

उद्घाटनाची तारीख आपण ठरवतो, पावसाची नाही. नवीन दुकान टाकताय? रिबन कापायच्या आधी बाहेर उभं राहून एकदा बघा, पाणी कुठून येईल. उत्तर कमेंटमध्ये लिहा.