खारफुटी, प्रवाळ आणि कलम २१

छोट्या जहाजातून खारफुटीची जंगलं आणि प्रवाळ दाखवायला नेणाऱ्या सहलींच्या जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. कुणाच्या सहलीला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. डेकवरून तिवरं बघणारा 'निसर्गप्रेमी' आणि त्याच तिवरांच्या काठाला झोपडी बांधून राहणारा 'अतिक्रमणवाला', ही वाटणी केली कुणी?

खरं तर हा निसर्ग आपल्या दाराशी आहे. परळ-लालबागपासून शिवडीची खाडी जवळ. तिथे खारफुटी आहे, फ्लेमिंगो येतात. वरळी-हाजीअलीच्या खडकांत प्रवाळ आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत ठेवलं आहे. तरीही किनारी रस्ता आला, तेव्हा २०२० साली प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या. म्हणजे 'विकासा'पुढे प्रवाळही विस्थापित होतात आणि माणसंही. फरक एवढाच की प्रवाळांसाठी शास्त्रज्ञ बोलावले जातात, आपल्या वस्तीसाठी बुलडोझर.

इथे संविधान उघडून बघा. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी नष्ट करणं हे कलम २१ चं उल्लंघन ठरवलं. याच मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितलं होतं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. तेही कलम २१ च! मग खारफुटी वाचवायची म्हणून पुनर्वसनाशिवाय झोपड्या पाडणं कोणत्या न्यायात बसतं? एकाच कलमाचा अर्धा भाग वाचून चालणार नाही.

आणि आपल्यातही एक गैरसमज आहे, की पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा सखल भागातल्या वस्त्यांनी काय भोगलं ते आठवा. खारफुटी लाटांचा जोर मोडते, किनाऱ्याची माती धरून ठेवते. ती गेली की पहिलं पाणी आपल्याच घरात शिरतं.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, ते केवळ तहान भागवायला नव्हे. सार्वजनिक पाण्यावर प्रत्येक माणसाचा समान हक्क आहे, हे त्यांनी कृतीने सिद्ध केलं. समुद्र आणि खाडी हीदेखील सार्वजनिकच आहेत.

म्हणून तरुण मित्रांनो, सागरी जीवशास्त्र शिका. पालिका शाळांतल्या मुलांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर न्या. प्रकल्पांच्या जनसुनावण्यांना हजर राहून हरकती लिहून द्या. खारफुटी आणि वस्ती, दोन्ही वाचवण्याची मागणी आपणच केली पाहिजे. दुसरं कुणी ती करणार नाही.

जय भीम!