मोठा मासा, लहान मासा

एरवी या पानावर आपली भेट होते ती उभ्या उभ्या, चहाचा कप हातात धरून. दिवाळी अंकात मात्र संपादक पाट मांडतात, फराळाचे ताट पुढे सरकवतात आणि म्हणतात, "होऊ द्या सावकाश." तेव्हा यंदा जरा लांबचा विषय घेतो. लांबचा म्हणजे अंतरानेही लांबचा. समुद्राचा.

चिखलीच्या माणसाने समुद्रावर लिहावे म्हणजे मालवणच्या माणसाने हुरड्यावर व्याख्यान द्यावे, हे मला कबूल आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात खारे पाणी आहे ते एका लोणारच्या सरोवरात, आणि तो काही समुद्र नव्हे. खरा समुद्र आमच्या गावी येतो तो आठवडी बाजारात, सुकट आणि सुके बोंबील होऊन, गोणपाटावर पसरून. पण समुद्र माझ्यामागे लागला तो बाजारात नव्हे, वर्गात.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. लोकसाहित्याच्या तासाला म्हणी चालल्या होत्या. 'मोठा मासा लहान माशाला खातो' ही म्हण मी फळ्यावर लिहिली, तिच्या शेजारी 'मत्स्यन्याय' हा भारदस्त शब्द लिहिला, आणि "हा सृष्टीचा नियमच आहे" असे एक वाक्य सवयीने फेकले. मास्तरकीत अशी वाक्ये फुकट मिळतात. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. हुशार, पण अबोल मुलगा.

"सर, ही म्हण आम्ही परवाच बाजारात पाहिली," तो म्हणाला. वडिलांनी सोयाबीन विकायला नेले. व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर चोळले, ओल आहे म्हणाला, माती आहे म्हणाला आणि भाव पाडला. माल परत न्यावा तर गाडीभाडे अंगावर; शिवाय दिवाळी तोंडावर. वडिलांनी मुकाट्याने दिले. "नियमच असेल तर लहान माशाने बी. ए. होऊन काय करायचे, सर?"

तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. सुट्टीनंतर तो मुलगा वर्गात आला नाही.

डिसेंबरात आम्ही सहकुटुंब कोकणात गेलो. रत्नागिरीच्या मत्स्यालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा मांडून ठेवला आहे. त्याच्यापुढे उभे राहून कन्येने विचारले, "बाबा, एवढ्या मोठ्याला खायला किती मोठे मासे लागत असतील?" मी म्हणीच्या भरवशावर ठोकून दिले, "मुशीएवढे तरी लागतच असतील!" शेजारच्या एका गृहस्थांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की घरी परतल्याबरोबर मी ग्रंथालयातून समुद्रावरची पुस्तके आणून वाचायला बसलो. वाचता वाचता माझी म्हण माझ्याच डोळ्यांदेखत विरघळू लागली.

पहिली गोष्ट, देवमासा हा मासाच नव्हे. तो आपल्यासारखाच पिलांना दूध पाजणारा प्राणी. त्यांतला सर्वांत थोर तो निळा देवमासा, तीस मीटरपर्यंत लांब. पृथ्वीवर याहून मोठा प्राणी झाल्याचे ठाऊक नाही. आणि या महापुरुषाच्या तोंडात एकही दात नाही! वरच्या जबड्यातून कंगव्यासारख्या झालरी लोंबतात. आपली नखे ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याच्या. तो भला मोठा घोट पाणी तोंडात घेतो, जिभेने ते झालरींतून बाहेर लोटतो आणि आत अडकते ते गिळतो. काय अडकते? करंगळीएवढे कोळंबीसारखे जीव. असे रोज काही टन. खऱ्या माशांत सर्वांत मोठा म्हणजे ठिपक्याठिपक्यांची व्हेल शार्क मुशी. बारा मीटर आणि त्याहूनही लांब. अरबी समुद्रात ती येते, आणि २००१ सालापासून आपल्या देशात तिला कायद्याचे संरक्षण आहे. तीही पाणी गाळून बारीक जीव खाते. म्हणजे समुद्रातले दोन्ही महाराक्षस गाळणीवर जगतात!

दुसरी गोष्ट, समुद्रात खाण्यासाठी धावलेच पाहिजे असे नाही. जमिनीवर वाऱ्याबरोबर जेवण वाहून येत नाही, पाण्याबरोबर येते. कोकणातल्या तिसऱ्या आणि कालवे जागच्या जागी बसून, पाणी आत घेऊन, गाळून, कण ठेवून घेतात व उरलेले पाणी सोडतात. खडकांना आणि होडीच्या बुडाला चिकटून बसणारा बार्नेकल नावाचा प्राणी डोके खाली रोवून आयुष्यभर उलटा राहतो, आणि पायांनी झाडल्यासारखे करून घास तोंडात ढकलतो. आमच्या घरी ताटावर पाय वर घेतलेले चालत नाहीत; याला इलाज नाही. समुद्रकाकडी तर वाळूच खात जाते, तिच्यातले सत्त्व तेवढे घेते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते. भांडी घासणारीला जेवण द्यावे, तसा हा व्यवहार.

मालवणच्या समुद्रात, जिथे १९८७ साली सागरी अभयारण्य झाले, प्रवाळ आहेत. प्रवाळ हा दगड दिसला तरी प्राणी आहे. रात्री इवले इवले हात बाहेर काढून तो वाहते जीव पकडतो. पण त्याची मोठी भिस्त असते अंगात वसतीला ठेवलेल्या सूक्ष्म शेवाळावर. शेवाळ उन्हावर अन्न शिजवते आणि घरमालकाला त्यातून भाडे देते. पाणी फार तापले की हे बिऱ्हाड मोडते, भाडेकरू बाहेर पडतो, प्रवाळ पांढराफटक होतो आणि लवकर सावरला नाही तर उपासमारीने मरतो.

पण समुद्र म्हणजे पंढरीची वारी आहे असे समजू नका. तारामासा शिंपला दोन्हीकडून ओढून जराशी फट पाडतो आणि स्वतःचे पोटच तोंडावाटे बाहेर काढून त्या फटीतून आत सोडतो. बिचाऱ्याला त्याच्याच घरात पचवून टाकतो! खोल अंधारातला एक मासा कपाळावर दिवा टांगून बसतो. उजेडाला भुलून जो येतो, तो जबड्यात जातो. दिव्यामागे कोण बसले आहे हे पाहावे, हा धडा पाण्यातही आहे. आणि आमच्या बाजारातल्या गोणपाटावर शेजारी शेजारी पडलेला जवळा आणि बोंबील? समुद्रात त्यांचे शेजारपण वेगळे. जवळा हा बोंबलाचा आवडता खाऊ, आणि बोंबील त्याहून मोठ्या माशांचा. तेव्हा म्हण खोटी नाही. अर्धी आहे.

उरलेली अर्धी मला सापडली एका बोटभर माशात. प्रवाळांच्या खडकांत एक निळ्या पट्ट्याचा मासा ठरलेल्या जागी दुकान मांडतो. मोठमोठे मासे तिथे येऊन तोंड उघडून थांबतात. हा चिमुकला सरळ त्यांच्या जबड्यात शिरतो, दातांतली घाण आणि अंगावरच्या उवा खातो आणि सुखरूप बाहेर येतो. मोठा मासा लहान माशाला गिळत नाही, कारण त्याला उद्याही यायचे असते. या धंद्यातही भेसळ आहे बरे! हुबेहूब तसाच पट्टा मिरवणारा एक तोतया मासा असतो. तो साफसफाईचे सोंग करून गिऱ्हाइकाचा लचका तोडून पळतो.

आणि १९७७ साली पॅसिफिक महासागराच्या तळाशी, जिथे ऊन कधीच पोचत नाही, तिथल्या उष्ण झऱ्यांभोवती शास्त्रज्ञांना माणसाहून उंच कृमी आढळले. त्यांना तोंड नाही, आतडे नाही. त्यांच्या अंगातले जिवाणू झऱ्यातल्या गंधकयुक्त वायूच्या बळावर अन्न तयार करतात आणि मालकाला पोसतात. ज्याला तोंडच नाही, तो कोणाला खाणार?

बाकी साऱ्या पंगतीचा यजमान कोण, ते डोळ्यांना दिसत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती उन्हावर अन्न करतात. पृथ्वीवर असे जेवढे अन्न तयार होते, त्यातले जवळजवळ निम्मे त्यांचे. त्यांच्यावर बारीक जीव, त्यांच्यावर जवळा, त्यावर बोंबील. समुद्रात मोठा लहानाला खातो हे खरे. पण मोठा लहानाच्याच जिवावर उभा असतो, हे त्याहून खरे. लहान संपला की मोठ्याची पत्रावळ आपोआप रिकामी.

इथवर आलो आणि मी पुन्हा माझ्या विषयाकडे, जुन्या ग्रंथांकडे वळलो. तिथे तर मी चांगलाच ओशाळलो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मत्स्यन्याय येतो तो नियम म्हणून नव्हे, संकट म्हणून. दंड धरणारा कोणी नसला की बलवान दुर्बलाला गिळतो. त्या जाचाने गांजलेल्या लोकांनीच मनूला राजा केले, असे तिथे सांगितले आहे. शतपथ ब्राह्मणात तर त्याच मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो आणि म्हणतो, आम्ही लहान असतो तोवर मासाच माशाला गिळतो, मला सांभाळ. मनू त्याला घटात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात. पुढे प्रलयात मनूची नाव ओढतो तो हाच मासा. म्हणजे पूर्वजांनी हा शब्द घडवला तो सावध करण्यासाठी. 'हे असे होऊ देऊ नका' हा त्याचा अर्थ. मी मात्र वर्गात 'हे असेच असते' म्हणून मोकळा झालो.

कोकणातल्या माणसांनी हे मास्तरांच्या आधी ओळखले आहे. तिथली रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे, एकट्याने ओढताच येत नाही. गावाने ओढायची आणि वाटे करून घ्यायची. यांत्रिक होड्यांची प्रचंड पर्ससीन जाळी आली आणि रापणीचा घास कमी झाला, तेव्हा भांडणे झाली. २०१६ साली सरकारने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले. पापलेटाला २०२३ साली राज्यमाशाचा मान मिळाला, तो त्याची संख्या रोडावत चालली म्हणूनच. कायदा पुरेसा पाळला जातो असे नाही. पण अमुक इतके लहान पिल्लू पकडू नये, असे ठरवणारा मासा समुद्रात नाही. ते फक्त माणूस ठरवू शकतो.

हे सारे मी त्या मुलाला पत्राने कळवले. पुस्तकी पत्र होते. उत्तर येईल असे वाटले नव्हते. गेल्या आठवड्यात तो स्वतःच घरी आला. शेजारच्या चार शेतकऱ्यांना घेऊन त्याने सगळ्यांचे सोयाबीन नीट वाळवले, एकाच ट्रॅक्टरमध्ये भरले आणि दोन बाजारांत भाव विचारून मग विकले.

"भाव बरा मिळाला?" मी विचारले.

"फार नाही, सर. गाडीभाडे जाऊन थोडासाच. पण या वेळी मुकाट्याने दिले नाही."

मग थोडे थांबून त्याने परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख विचारली. मी सांगितली. सौभाग्यवतींनी चकल्या आणून ठेवल्या. परवाच्या तासाला मी तीच म्हण पुन्हा फळ्यावर लिहिली. त्याखालचे माझे जुने वाक्य मात्र लिहिले नाही.