‘लसावि वजा फरक’ म्हणजे गणित नव्हे!

एका संख्येला ५, ६ आणि ७ ने भागलं तर बाकी अनुक्रमे ३, ४ आणि ५ उरते. अशी लहानात लहान संख्या कोणती?

भरतीच्या कुठल्याही प्रश्नसंचात हा प्रश्न थोड्याफार फरकाने सापडेल. क्लास लावलेला पोरगा पेन न उचलता सांगेल, २०८. कसं काढलं रे? “लसावि वजा फरक.” म्हणजे काय? “ट्रिक आहे ती.”

आता त्यालाच विचारा: ५ ने भागलं तर बाकी ३, ७ ने भागलं तर बाकी ४, मग लहानात लहान संख्या कोणती? आकडे छोटे, अटही एक कमी, आणि पोरगा गप्प. कारण ५ वजा ३ दोन आणि ७ वजा ४ तीन. फरक सारखा नाही म्हटल्यावर ट्रिक बंद पडली. खरं तर ७ ने भागून ४ उरणाऱ्या संख्या नुसत्या लिहीत गेलं तरी पुरे: ४, ११, १८. अठराला ५ ने भागा, बाकी ३. संपलं. शाळकरी पोर हे बोटांवर काढेल. पदवीधर अडतो, कारण त्याला शिकवणाऱ्याने विचार करायची सवयच मोडून टाकलेली असते.

मित्रांनो, माझा राग पोरांवर नाही. शेतीच्या पैशातून, कधी कर्ज काढून ती शहरात खोली घेतात, अभ्यासिकेचं भाडं भरतात, मेसचं जेवतात. त्या पैशात त्यांना मिळतं काय? सहावीचं गणित, तेसुद्धा कारण काढून टाकलेलं. मसावि, लसावि, विभाज्यतेच्या कसोट्या हे सगळं शाळेतच होऊन गेलेलं असतं. तेव्हा नीट कळलं नाही, आणि आता ‘शंभर ट्रिक्स’ म्हणून तेच पुन्हा विकत घ्यायचं.

वर दिलेल्या ट्रिकमागचं कारण एका वाक्यात मावतं. त्या संख्येत २ मिळवले की ५, ६, ७ या तिघांनीही पूर्ण भाग जातो, म्हणजे ती २१० ला दोन कमी आहे. बस. हे सांगायला अर्धा मिनिट लागतो. पण कारण सांगितलं की पोरगा पुढचे दहा प्रश्न स्वतः सोडवतो, मग पुढची ट्रिक कुणाला विकायची?

आणखी एक बघा. २ चा ४० वा घात केला तर एकक स्थानी कोणता अंक येईल? ट्रिक सांगते, घातांकाला ४ ने भागा आणि बाकी घात म्हणून घ्या. ४० ला ४ ने भागलं तर बाकी शून्य. २ चा शून्यावा घात १, म्हणून उत्तर १! दोनचा घात विषम कसा येईल, ही शंकासुद्धा मनात येत नाही. २, ४, ८, ६ हे अंक फिरून फिरून येतात आणि बाकी शून्य म्हणजे फेरी पूर्ण झाली, हे माहीत असणारा ६ वर बोट ठेवतो. पाठ करणारा एक गुण घालवतो. भरतीत एका गुणावर किती जणांचं वर्ष जातं, हे मी सांगायची गरज नाही.

७२ चे विभाजक किती? घातांकात एक-एक मिळवून गुणा, १२. बरोबर. त्यातले विषम किती? सन्नाटा. अहो, विषम विभाजकात २ घ्यायचाच नाही. ३ एकदाही न घेता, एकदा घेऊन किंवा दोनदा घेऊन १, ३, ९ असे तीन.

यावर ठरलेलं उत्तर येतं. “सर, ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, समजून घ्यायला वेळ कुठे असतो?” अहो, समजून घ्यायचं ते परीक्षा हॉलमध्ये नाही, घरी. हॉलमध्ये समजलेल्याला आणि पाठ केलेल्याला वेळ सारखाच लागतो. फरक पडतो तो प्रश्न जरा वळला की. आणि शंभर ट्रिक्स लक्षात ठेवणं सोपं, की ‘भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी’ हे एक वाक्य सोपं?

हा विषय आपल्याला परका नाही. बाकीच्या उदाहरणांसाठीची ‘कुट्टक’ पद्धत आर्यभटाने इ. स. ४९९ च्या ग्रंथात दिली. मोठे आकडे कुटून कुटून लहान करायचे, म्हणून कुट्टक. भास्कराचार्यांनी ती विस्ताराने मांडली. त्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला आणि १२०७ साली त्याला दान मिळाल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. तेव्हा गणित समजावं म्हणून दान देत होते. आज न समजावता फी घेतात.

पण एकट्या क्लासवाल्यांना झोडून भागणार नाही. दुकान चालतं ते गिऱ्हाईक आहे म्हणून, आणि गिऱ्हाईक तयार करते प्रश्नपत्रिका. त्याच साच्याचे प्रश्न आकडे बदलून पुन्हा पुन्हा काढले, तर ट्रिकच जिंकणार. म्हणून परीक्षा घेणाऱ्यांकडे मागण्या दोनच. एक, भाजक-बाकीचा निदान एखादा प्रश्न साच्याबाहेरचा काढा. अवघड नको, वेगळा हवा. दोन, उत्तरतालिकेत नुसता पर्याय क्रमांक छापू नका, गणिताच्या प्रश्नांची रीतही द्या. खेड्यातल्या पोराला ती फुकट मिळेल, आणि चुकीचा प्रश्न काढणाराही उघडा पडेल.

आणि पोरांनो, तुम्ही एवढंच करा. उद्या क्लासमध्ये नवी ट्रिक फळ्यावर आली की हात वर करून विचारा, “सर, हे असं का?” उत्तर मिळालं तर तिथेच शिका. “का ते विचारू नको, पाठ कर” असं ऐकायला मिळालं, तर पुढचा हप्ता भरण्याआधी दोनदा विचार करा.

पटलं तर तयारी करणाऱ्या एखाद्या पोरापर्यंत पोचवा. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये भांडा, पण कारण देऊन.