पाणी असूनही झाड का सुकते?

आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरात राहत होतो, तेव्हाची गोष्ट. तळमजल्यावर दारापुढे जेमतेम चार हात जमीन होती. तिथे मी दरवर्षी टोमॅटो लावीत असे. एका वर्षी फळे धरलेली रोपे दुपारी माना टाकू लागली. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातले, तरी पंधरवड्यात सगळा वाफा उभा वाळला.

त्याच सुमारास मराठवाड्यातून दिरांचे पत्र आले. ‘वहिनी, तूर फुलोऱ्यात आहे आणि जागोजाग उभी वाळते आहे. जमिनीत ओल आहे, कीडही दिसत नाही.’ माझे नुकसान चार टोमॅटोंचे, त्यांचे वर्षाच्या कमाईचे. दुखणे मात्र एकाच घराण्यातले होते. शेतकरी त्याला ‘मर’ म्हणतात.

मर रोगाची बुरशी, फ्युजॅरियम, जमिनीत राहते. ती मुळांतून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. म्हणून पायाशी पाणी असूनही झाड तहानेने मरते. खोड उभे चिरले की आत तपकिरी-काळपट रेघा दिसतात. टोमॅटो-वांग्यांत जिवाणूंमुळेही मर होते. ओळखायची युक्ती सोपी आहे. ताज्या खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात बुडवून धरा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी धार उतरली, तर रोग जिवाणूंचा समजावा.

तुरीच्या या रोगाचा अभ्यास आपल्या देशात फार जुना आहे. बिहारमधल्या पुसा येथील संस्थेत बटलर या शास्त्रज्ञाने १९१० साली त्या बुरशीचे सविस्तर वर्णन केले. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत पडली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली. गावाचे नावही तिच्यासोबत आले. दिल्लीकर आजही त्या परिसराला पुसाच म्हणतात. तिथल्या कृषी मेळ्यात मी दिरांचे पत्र घेऊन गेले आणि ‘ट्रायकोडर्मा’ हे नाव प्रथम ऐकले.

ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच, पण आपल्या बाजूची. तिचे धागे रोगट बुरशीला वेटोळे घालतात, तिचे कवच विरघळवतात आणि तिचा जीवनरस शोषून घेतात. वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये हे दाखवून दिले. काट्याने काटा काढावा, तसाच हा प्रकार.

मी हौसेने एक पाकीट आणले आणि उन्हाळाभर खिडकीत ठेवले! पुढच्या हंगामात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. दोष पाकिटाचा नव्हता, माझा होता. ती भुकटी जिवंत असते. विरजण उन्हात ठेवले तर दही लागेल का? म्हणून पाकीट सावलीत, थंड जागी ठेवावे, मुदत पाहूनच घ्यावे आणि बुरशीनाशक औषधात कधी मिसळू नये.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. झाड सुकल्यावर ट्रायकोडर्मा घालून ते उठून बसत नाही. हा पहारेकरी आहे, तो चोर येण्याआधीच दारात हवा. पेरणीपूर्वी एक किलो बियाण्याला साधारण ४ ते १० ग्रॅम भुकटी, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, चोळावी आणि बी सावलीत सुकवावे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ती मिसळून, ओलावा राखून, आठ-पंधरा दिवस सावलीत झाकून ठेवली तर वाढते. मग ते खत वाफ्यात किंवा कुंडीत घालावे. रोगट झाड मात्र मुळासकट उपटून जाळावे. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये.

एकट्या ट्रायकोडर्मावर भिस्त ठेवून चालत नाही. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे तग धरते, म्हणून त्याच रानात पुन्हा पुन्हा तूर घेऊ नये. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारा बीएसएमआर ७३६ हा वाण दिला आहे. शिवाय ज्वारीच्या जोडीने घेतलेल्या तुरीत मर कमी येते, असे प्रयोगांत दिसले आहे. हे कळवले तेव्हा दिरांनी लिहिले, ‘वहिनी, आबा ज्वारीतच तूर पेरायचे. जास्त पैसा मिळेल म्हणून आम्हीच सलग तूर लावली.’

पुढच्या वर्षी त्यांनी बी चोळून, ज्वारीच्या पाट्यांत तूर पेरली. काही झाडे तेव्हाही गेली, मर समूळ गेली नाही. पण संक्रांतीनंतर गावाहून डाळीची पिशवी आली. आणि हो, माझे दुसरे पाकीट पिठाच्या डब्यामागे, अंधाऱ्या कपाटात होते.