दाढ काढण्याआधी नस तपासा

आपल्या सातारा-सांगलीकडे एखाद्या बाईच्या गालात कळ येऊ लागली की पहिला बळी जातो तो दाढेचा. दाढ काढली तरी कळ तशीच राहते. मग शेजारची दाढ काढली जाते. तोंडाची एक बाजू रिकामी होते, तरी कळ थांबत नाही. तोवर दोन-तीन वर्षे गेलेली असतात, हातउसने पैसे फिटलेले नसतात आणि घरातले म्हणू लागतात, "हिला कामाचा कंटाळा आलाय." गावोगावच्या आरोग्य शिबिरांत अशा बहिणी आम्हाला वारंवार भेटतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर या एकाच दुखण्याबद्दल लिहीत आहोत.

या आजाराचे नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला मेंदूकडून एक मोठी नस येते. तिच्या तीन फांद्या होतात. पहिली कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे जाते. चेहऱ्याला झालेला स्पर्श, थंड-गरम, दुखणे हे सगळे या नसेतून मेंदूला कळते. बहुतेक रुग्णांत मेंदूच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी या नसेला टेकून राहते. प्रत्येक ठोक्याला ती नसेवर दाबते आणि नसेचे वरचे आवरण झिजते. विजेच्या वायरचे प्लास्टिक निघाले की जसा शॉक बसतो, तसेच हे. थोड्या रुग्णांत मेंदूतली गाठ किंवा मज्जासंस्थेचा दुसरा आजारही कारण असतो. पन्नाशीनंतर हा आजार जास्त दिसतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

हा आजार फारसा कोणाला होत नाही, असे सांगून विषय टाळला जातो. आपण हिशोब करून पाहू. जगभरच्या अभ्यासांत दर लाख लोकांमागे वर्षाला ४ ते १३ नवे रुग्ण सापडतात. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ५८ लाख होती. हेच प्रमाण इथे धरले तर दरवर्षी सव्वादोनशे ते साडेसातशे नवे रुग्ण होतात. जुने रुग्ण वेगळेच. म्हणजे प्रत्येक तालुक्यात अशी माणसे आहेत. त्यांच्या केसपेपरवर मात्र "दातदुखी" किंवा "डोकेदुखी" लिहिलेले असते.

दातदुखी आणि ही कळ यांत फरक आहे आणि तो कोणालाही ओळखता येतो. दात ठणकतो, तासन् तास ठणकतो, वेदनाशामक गोळीने थोडा तरी उतरतो. नसेची कळ करंट लागल्यासारखी येते, काही सेकंदांत किंवा फार तर दोन मिनिटांत जाते आणि पुन्हा येते. ती बहुतेक वेळा चेहऱ्याच्या एकाच बाजूला असते. तोंड धुताना, दात घासताना, घास चावताना, बोलताना, कपाळाला कुंकू किंवा गालाला पावडर लावताना, एवढ्या हलक्या स्पर्शानेही ती येते. एसटीच्या खिडकीतून गार वारे गालाला लागले तरी येते. साध्या वेदनाशामक गोळ्या तिच्यावर जवळजवळ चालतच नाहीत. एखादी बाई पदराने अर्धा चेहरा झाकून बसली असेल, एकाच बाजूने चावत असेल, बोलता बोलता मध्येच थिजून गालापाशी हात नेत असेल, तर तिला हे प्रश्न विचारा. आशाताईंनी, अंगणवाडी सेविकांनी, आमच्या सिस्टर भगिनींनी तर नक्कीच विचारावेत. यासाठी कोणतेही मशीन लागत नाही.

योग्य दवाखान्यापर्यंत पोचण्याआधी आपली माणसे कुठे कुठे जातात, तेही सांगितले पाहिजे. बाजाराच्या दिवशी दातातला किडा काढून दाखवणारे बसतात. हातचलाखीने किडा दाखवतात आणि पैसे घेतात. दातात असा किडा नसतो. काही बायका दुखऱ्या बाजूला मिश्री दाबून धरतात. मिश्री म्हणजे जळलेला तंबाखू. त्याने नस बरी होत नाही, तोंडाच्या कॅन्सरचा धोका मात्र वाढतो. कोणी देवऋषाकडे नेते, कोणी "मागच्या जन्माचे भोग" म्हणून गप्प बसवते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात आणि बाबासाहेब ज्या गावात शाळेत गेले त्या साताऱ्यात हे अजून चालते, याची लाज वाटायला हवी. पण हा सगळा दोष अडाणीपणावर ढकलणे सोपे आहे. ज्या दवाखान्यात दोन मिनिटांत तपासून पाच गोळ्या हातात ठेवतात आणि पुढे काहीच सांगत नाहीत, तिथून निघालेली बाई देवऋषाकडे जाणारच. तो निदान तिचे ऐकून तरी घेतो.

आता औषधाबद्दल. कार्बामाझेपिन नावाची गोळी या आजारावर पहिली निवड आहे. १९६० च्या दशकापासून ती या दुखण्यावर वापरली जाते. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते १९६२ साली. म्हणजे गोळी आणि कॉलेज एकाच वयाचे. आज साठ वर्षांनंतरही जत किंवा पाटणच्या बाईला त्या गोळीचे नाव कळायला दोन-तीन दाढा घालवाव्या लागतात. हीच गोळी फिट्सवरही देतात. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ती आहे आणि जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळते. बहुतेक रुग्णांना सुरुवातीला तिने चांगला आराम पडतो. ती चालली नाही किंवा सोसली नाही तर ऑक्सकार्बाझेपिन आणि इतर औषधेही आहेत.

पण ही गोळी कोणी सांगितले म्हणून मेडिकलमधून आणून घेऊ नये. ती कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवायची असते आणि ते काम डॉक्टरांचे आहे. सुरुवातीला गुंगी येते, तोल जातो. त्या दिवसांत विहिरीवर, उसाच्या गाडीवर, मशीनवर काम करताना जपावे. अधूनमधून रक्ततपासणी करावी लागते, कारण रक्तातल्या पेशी, सोडियम आणि लिव्हरवर परिणाम होऊ शकतो. अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले, ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आशियाई वंशाच्या काही लोकांत या गोळीने त्वचेची फार गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. असा त्रास नसेल तर मात्र आराम पडला म्हणून स्वतःच्या मनाने गोळी एकदम बंद करू नका. आणखी एक गोष्ट बायकांना कोणी सांगत नाही. या गोळीमुळे माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. शिवाय गरोदरपणात तिने बाळाला धोका असतो. म्हणून वय लहान असेल तर डॉक्टरांना हे आधीच विचारा. टीबीची औषधे चालू असतील तर तेही सांगा.

गोळी द्यायचे काम आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात का होत नाही? वैद्यकीय अधिकारी म्हणतात, हे मेंदूच्या डॉक्टरांचे काम, आम्ही धोका का घ्यायचा? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वय चाळिशीच्या आत असेल, कळ दोन्ही बाजूंना येत असेल, गाल बधिर झाला असेल, ऐकू कमी येत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा तोंडात न भरणारी जखम असेल, तर मोठ्या रुग्णालयात पाठवलेच पाहिजे. एकदा एमआरआय सगळ्यांचाच व्हावा, हेही बरोबर. पण निदान झाल्यावर दर महिन्याला गोळ्यांसाठी त्या बाईला जतहून मिरजेला, पाटणहून कराडला, माणहून साताऱ्याच्या सिव्हिलला का जावे लागते? एका फेरीत एक दिवसाची हजेरी बुडते, एसटीचे भाडे जाते, सोबतच्या माणसाचाही खाडा होतो. तीन-चार महिन्यांनी ती जाणे थांबवते, गोळी बंद होते आणि कळ पुन्हा येते. डॉक्टर लिहितात, "रुग्ण औषध नियमित घेत नाही." बीपी आणि शुगरच्या गोळ्या आज गावाजवळ मिळतात. मेंदूच्या डॉक्टरांनी एकदा लिहून दिलेला डोस पुढे प्राथमिक आरोग्य केंद्राने चालू ठेवायला आणि रक्त तपासायला हरकत कसली?

सरकारी योजनांत हीच फट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. २०२३ साली राज्य सरकारने कुटुंबामागे वर्षाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. पण ही योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. ओपीडीत वर्षानुवर्षे घ्यायच्या गोळीसाठी ती नाही. दुसरीकडे १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले आहेत. केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. मात्र औषध शिल्लक नसेल आणि बाहेरची चिठ्ठी हातात पडली तर मोफत या शब्दाला अर्थ उरत नाही.

गोळ्यांनी भागले नाही तर शस्त्रक्रिया आहे. कानामागून कवटीला छोटे छिद्र पाडून नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बारीक तुकडा ठेवतात. कारणावरच उपाय होतो, म्हणून अनेकांना दीर्घकाळ आराम मिळतो. पण ही मेंदूची मोठी शस्त्रक्रिया आहे, कानाचे ऐकणे जाण्यासारखे धोके आहेत, ते समजून घेऊनच सही करावी. वय झालेल्यांसाठी गालातून सुई घालून नस शेकण्याचे किंवा दाबण्याचे उपाय आहेत. त्यात गाल बधिर होतो आणि काही वर्षांनी कळ परत येऊ शकते. मेंदूच्या शस्त्रक्रिया जन आरोग्य योजनेत आहेत, पण आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा किंवा १५५३८८ या क्रमांकावर फोन करा. आधी पैसे भरायला सांगितले तर लेखी मागा.

अभिनेता सलमान खानला हाच आजार आहे. त्याने ते जाहीरपणे सांगितले आणि २०११ साली अमेरिकेत जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली. त्यामुळे या आजाराचे नाव अनेकांना कळले, हे चांगलेच. नस त्याची आणि तासगावच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या ताईची सारखीच. त्याची वेदना मात्र बातमी होते आणि ताईची "नाटक" ठरते. आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा एक गोष्ट पक्की शिकवली होती: वेदना किती आहे, ते रुग्ण सांगेल. वेदना एक्स-रेत दिसत नाही म्हणून ती नाही, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. वस्तीतल्या बाईला तर हा अविश्वास दोनदा सोसावा लागतो, एकदा घरात आणि एकदा दवाखान्यात.

सोसण्याचे कौतुकही पुरे झाले. दिल्लीत राज्यघटनेचे काम चालू असताना बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांतल्या नसांच्या वेदनांनी त्यांची झोप उडवली होती. ते सोसत बसले नाहीत. मुंबईला येऊन त्यांनी उपचार घेतले. वेदनेवर इलाज मागणे हा दुबळेपणा नाही, हे आपल्या घराघरांत सांगायला हवे. या कळेने जीव नकोसा होतो, हे खरे आहे. जेवण सुटते, बोलणे सुटते, माणूस एकटा पडतो. असा विचार मनात येत असेल तर तो लपवू नका. घरच्यांनी त्या माणसाला एकटे सोडू नये. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते, मराठीतही.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कार्बामाझेपिन कायम शिल्लक असावे आणि लिहून दिलेला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळावा. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या शासकीय रुग्णालयांत नसांच्या दुखण्यांसाठी ठराविक वार जाहीर करावा, म्हणजे बाईची फेरी वाया जाणार नाही. आशाताईंच्या प्रशिक्षणात चेहऱ्याच्या कळेचे चार प्रश्न यावेत. एक्स-रेत दात चांगला दिसत असेल आणि कळ करंटसारखी असेल, तर दंतवैद्यांनी दाढ काढण्याआधी रुग्णाला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवावे.

यातले काही आपल्याही हातात आहे. रुग्ण कल्याण समितीत आपल्या वस्तीचे कोणी आहे का, ते पाहा. नसेल तर ग्रामसभेत नाव सुचवा. गोळी नाही म्हणून परत पाठवले तर तारीख लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. गरज पडली तर माहितीच्या अधिकारात औषधसाठ्याची नोंद मागा. पौर्णिमेला विहारात जमलेल्या बायकांना एवढे नक्की विचारा, कोणाच्या गालात करंटसारखी कळ येते का? कोणी हात वर केला तर पुढच्या सोमवारी तिच्यासोबत दवाखान्यात जा. तिथे तिला धड बोलता येणार नाही. तिच्या वतीने आपण बोलू.

जय भीम.