एकट्या आमदाराने किती लढायचे?



राजुऱ्याचे अ‍ॅड. वामनराव चटप 1990, 1995 आणि 2004 असे तीनदा विधानसभेवर गेले. 2004 ला साऱ्या राज्यातून स्वतंत्र भारत पक्षाचा निवडून आलेला आमदार हा एकच. लोकसभेला 2009 मध्ये त्यांना दीड लाखावर मते पडली आणि 2014 ला आम आदमी पक्षाकडून दोन लाखावर, तरी दिल्ली दूरच राहिली. 2019 ला राजुऱ्याची आमदारकी अडीच हजारांच्या आसपास मतांनी हुकली. 2024 ला पुन्हा हार. मंत्रिपद तर कधीच नाही. पुढाऱ्यांच्या बाजारातल्या काट्यावर ही कारकीर्द हलकी भरेल. तो काटा आम्हाला मान्य नाही.

शेतकऱ्याला वकील आमदार कशाला हवा? आपल्या घरावर दरोडा पडत नाही, आपली लूट कायद्याने होते. एकाधिकार कापूस खरेदीचा कायदा 1971 चा. राजुऱ्याच्या सीमेवरच्या गावांना आदिलाबादचा बाजार जवळ, पण तिकडे भाव चढा असला तरी स्वतःच्या पऱ्हाटीचा कापूस हद्दीपार नेणे हा गुन्हा. 2002 च्या सुमारास खासगी खरेदी मोकळी होईस्तोवर हा जाच चालला. जीवनावश्यक वस्तू कायदा 1955 चा, तो आजही डोक्यावर आहे. जमिनीच्या सीलिंगचा कायदा 1961 चा, तो घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला, म्हणजे मूलभूत हक्काच्या नावाने कोर्टात जाण्याची वाटही अडवली. अशा लढाईत कलम वाचता येणारा माणूस सभागृहात हवाच.

पण 288 जणांच्या सभागृहात एक हात वर झाला तर मोजणी बदलत नाही. चांगला माणूस निवडून दिला की आपले काम संपले, हा समज म्हणूनच घातक आहे.

गडचिरोलीकडे पहा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2006 चा वनहक्क कायदा ग्रामसभेत बसून समजून घेतला. 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. हे गाव आमदाराची वाट पाहत बसले नाही.

कापूस-ज्वारीवाल्यांनी एवढे तरी करावे. गावागावांत कायदा वाचणारी दोन पोरेपोरी तयार करा. मत मागायला कोणीही आला, आपला असो की परका, त्याला एकच विचारा: आमच्या गळ्यातला कोणता कायदा तू काढणार? उत्तर लिहून घ्या, खाली त्याची सही घ्या.